चटईएवढं लॉन

बाबांनी अंगणात लॉन लावलं त्याला कारण खाणीच्या साहेबाचा बंगला. बाबा सुर्ल्याच्या खाणीवर टिपर चालवायचे, खनिज धक्क्यावर नेऊन ओतायचे. एकदा कसलीशी चावी द्यायला ते बंगल्यावर गेले, तर राखणदाराने हिरवळीवर पाऊल टाकू दिलं नाही, कडेकडेने वळसा घालायला लावला. दुसरा कुणी विसरला असता. बाबांनी घर बांधल्यावर सगळ्यात आधी आईची अबोली उपटली आणि तिथे विकतचं गवत अंथरलं. संध्याकाळी त्यावर अनवाणी फेऱ्या मारायचे, अगदी साहेबाच्या थाटात. मला हसू यायचं, आईला नाही.

आई मालवणकडची. तिच्या लेखी अंगणातल्या झाडाने फूल द्यावं, नाहीतर औषध.

"ह्या गवताक फूल नाय, शेंग नाय. गोरवांक तरी घालूक गावता?" ती विचारायची. बाबा पाइप घेऊन उभेच.

खाण विहिरींपेक्षा खोल गेली तशा गावातल्या विहिरी आटत गेल्या. आमच्या विहिरीचाही तळ दिसू लागला. मग टँकर सुरू झाला. आम्ही हंडे घेऊन रांगेत, आणि बाबा उरलंसुरलं पाणी पंपाने ओढून गवतावर सोडताहेत. एके दिवशी शेजारीण सगळ्यांदेखत आईला म्हणाली, "बरें आसा गे तुमचें, तुमगेर तण लेगीत न्हाता!" तुमच्याकडे गवतसुद्धा आंघोळ करतं म्हणे. आई रिकामा हंडा घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेल्यावर तिने कुदळ घेतली. घमेली मी उचलली. गवत गोधडीसारखं सोलून निघालं. आईने खड्डे खणले, नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, भिजवून तळाला घातली. ती पाणी धरून ठेवतात. वर अबोली, कोरफड, अडुळसा, सदाफुली लावली आणि बुंध्यांशी पालापाचोळा पसरला. ह्या बागेला भांडी विसळलेलं पाणी पुरणार होतं.

बाबा आले तेव्हा दाराशी चटईएवढा तुकडा उरला होता. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ते खाली बसले, त्या तुकड्यावरून हात फिरवला.

"एवढो ऱ्हांवदे," ते आईला म्हणाले. "माझ्या न्हाणाच्या पाण्यातसून घालतलंय."

आणि तसंच केलं त्या हट्टी माणसाने. खाणीवरून धुळीने डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन यायचे, वाट्याची बादली जवळजवळ सगळी गवताला घालायचे आणि ओल्या फडक्याने अंग पुसून निजायचे. उशी लाल, चादर लाल. आई धुवायची कशाने? मला त्यांचा भयंकर राग यायचा. साहेब कधीच बदली होऊन गेला होता, आता दाखवायचं तरी कुणाला होतं?

खोकला आधीपासून होताच. पुढे तो थांबेना. टिपर सुटला. मग बाबा त्या तुकड्याशी खुर्ची टाकून बसू लागले आणि उन्हाळ्यात गेले.

मयताला आंघोळ घातल्याशिवाय उचलत नाहीत. विहीर कोरडी, त्यात टँकर आलेला नव्हता. आई मोठमोठ्याने रडत होती, ती मरणासाठी की पाण्यासाठी, मला कळेना. तेवढ्यात शेजारीण आपली कळशी घेऊन आली. तिच्या मागोमाग रांगेतल्या इतर बायका आल्या, प्रत्येकीने घरात राखलेलं पाणी आणलं.

अंगणभर झाडं होती. माणूस निजवायला मोकळी जागा तेवढीच, म्हणून बाबांना त्यांच्या गवतावर ठेवलं. कानामागून, केसांतून लाल पाणी वाहत राहिलं. कितीतरी वेळ ते स्वच्छ होईना.

थोड्याच दिवसांत त्या तुकड्याला कोवळी पाती फुटली. आई बागेला भांड्यांचं पाणी घालायची, पण त्या तुकड्याला तिने घातलं नाही. तो वाळून गेल्यावर तिथे दुसरं काही लावलंही नाही.