कडक पाटे, नरम पाटे

कारंजा गावात आमच्या शेजारी एक वकीलसाहेब राहत. त्यांच्याकडे दोनच माणसांची, लाल रंगाची जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी होती. तिचं इंजिन निकामी झालं तेव्हा त्यांनी जीपचं इंजिन घातलं. त्या वजनाने गाडीचं नाक झुकलं आणि खड्ड्याखड्ड्याला ते घासू लागलं. मग चाकांवरचे पाटे, म्हणजे गाडीला तोलणाऱ्या स्प्रिंगा, बदलायचं ठरलं. कडक घालावेत की नरम, हे ते कोर्टात पक्षकारांनाही विचारत.

शेवटी कडक बसवले. मला बाजूच्या सीटवर बसवून ते वाशीमच्या रस्त्याला सुसाट निघाले. गाडी वळणावर जराही कलली नाही.

"मास्तर, पाहा, कशी रस्त्याले चिकटून राह्यली!" ते ओरडले. माझे दात एकमेकांवर आपटत होते, त्यामुळे मी मानच हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, नेलं. त्यांना कमरेचं दुखणं होतं. थोड्याच वेळात काकू नाक्यापासून एकट्याच पायी परत आल्या.

"यापेक्षा मी बैलगाडीत बसीन," एवढंच म्हणाल्या.

 आठवडाभरातच कडक पाटे उतरले आणि नरम चढले. आता नाक पुन्हा घासायचं नि वळणावर गाडी डुलायची, म्हणून ते इतकं हळू चालवत की सायकलवालेही पुढे जात.

"साहेब, वेग काहून सोडला?" मी एकदा सायकलवरून गाडीच्या बरोबरीने जात छेडलं.

शेजारी काकू पदर सावरत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "वेग होता तवा बाजूची सीट रिकामी होती, मास्तर!" आणि त्यांनी खुशीत भोंगा वाजवला.

"हात स्टेरिंगवर ठेवा," काकू म्हणाल्या.