आत्याची चव गेली तेव्हा

घराबाहेर पडायचं तर आमच्याकडच्या बायकांना कारण लागतं. दवाखाना, देवदर्शन, लग्न, नाहीतर कुणाचं मरण. आत्याला असलं कारण कधी लागलं नाही. बाजाराच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून ओसरीवरून उतरायची आणि शेजारच्या कुणी विचारलं, कुठं निघालात, तर सरळ सांगायची, "हिंगोलीला चालले. भजे खायला." आत सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. ती सेनगावला भावाकडे परत आली आणि ओसरीलगतच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसली. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज तीच शिवायची, त्यामुळे कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ तिच्यावर आली नाही. पण नवरा नसलेल्या बाईनं असं मजेत हिंडावं, आवडीनं खावं, हे घराला खुपायचं. गल्लीत तिला 'शौकीन आत्या' म्हणत. म्हणणाऱ्याच्या आवाजात थट्टा असे. तिला मात्र ते नाव आवडायचं.

डोंगरकड्याहून सून म्हणून मी या घरात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनं सासूबाईंना न विचारता मला जीपमध्ये बसवलं. हिंगोलीच्या स्टँडजवळच्या एका टपरीवर मिरचीची भजी घेतली आणि बाजूच्या बाकावर बसून आम्ही खाल्ली. मी बोलायला लागले तर तिनं हातानंच थांबवलं. कागद रिकामा झाल्यावर म्हणाली, "पोटासाठी सगळेच खातात, पोरी. जीभ बी आपलीच हाय. तिला काहून उपाशी ठेवायचं?" त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाई आमच्याशी बोलल्या नाहीत. आत्यानं त्यांच्यासाठी बांधून आणलेली भजी रात्री तशीच गार पडून होती.

तिच्या आवडीच्या जागा ठरलेल्या होत्या. औंढ्याला गेली की देवळात हात जोडून झाल्यावर ती बाहेरून भिंतीवरच्या मूर्ती बघत सावकाश फिरायची आणि एखाद्या नाचणाऱ्या बाईपाशी थांबून तिचे दागिने निरखायची. उरूस भरला की बांगड्यांचा व्यापार करणाऱ्या रझियाबीबरोबर कव्वाली ऐकायला जायची. रझियाबी तिची लहानपणापासूनची मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. दोघी बायकांच्या बाजूला मांडी घालून बसायच्या आणि गाणाऱ्यानं चांगली जागा घेतली की एकमेकींचा गुडघा दाबायच्या. पण सगळ्यात लाडकी जागा कुरुंदा. तिथं तिची मावसबहीण दिलेली होती. उन्हाळा तोंडावर आला, शेताशेतात हळद शिजायला लागली की आत्या दोन दिवस तिकडे राहून यायची. कामासाठी नाही, वासासाठी. शिजत्या हळदीच्या वाफेत उभं राहिलं की आपली आई शेजारी आहे असं वाटतं, असं तिनं एकदा मला सांगितलं होतं. तिची आई त्याच कामाला जायची.

मग कोरोनाचं वर्ष आलं. आमच्या घरात सगळेच तापले. सासरे बरेच दिवस नांदेडला दवाखान्यात होते. आत्याला त्या मानानं थोडक्यात निभावलं. चार दिवस अंग दुखलं आणि ती उठून कामाला लागली. एका सकाळी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती आणि तिच्या पाठीमागे गॅसवर दूध आटून, करपून, भांडं काळं पडलं. धूर ओसरीपर्यंत आला. सासूबाई धावत आल्या आणि तिला नको नको ते बोलल्या.  सगळे गेल्यावर आत्यानं फडताळातली भुरक्याची बरणी काढली. लसूण आणि तिखट तेलात परतून केलेला तो भुरका तिचा जीव की प्राण होता. झाकण उघडून तिनं बरणी नाकाशी धरली, मग बोटानं चिमूटभर जिभेवर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते नुसत्या तिखटाचं. माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "तिखट लागतं. भुरका न्हाई लागत."

हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल परत, थोडा धीर धरा. तिनं धीर धरला. काही महिन्यांनी वास आला खरा, पण भलताच. कांदा परतला की तिला जळक्या टायरचा वास यायचा. कोथिंबिरीला रॉकेलचा. चहाचा कप ती हातभर लांब धरायची. घरात फोडणी पडली की उठून मशीनच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. हळूहळू ती कोरडी भाकरी पाण्यात बुडवून खायला लागली. अंगावरचे ब्लाउज सैल झाले आणि तिनं स्वतःचेच ब्लाउज एकेक करून आत घेतले.

घरात हे कुणाला फार मोठं वाटलं नाही. सासरे मरणाच्या दारातून परत आले होते. गल्लीतली धडधाकट माणसं गेली होती. त्यात चव गेली म्हणून रडायचं कुणी? मी विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, जीव वाचला हे कमी आहे का. त्यांचंही चूक नव्हतं.

पण पुढं झालं ते विचित्र होतं. आत्याचं हिंडणं थांबलं, खाणं थांबलं, तशी लोकांना ती चांगली वाटू लागली. भजनी मंडळातल्या बायका तिच्या पाया पडून गेल्या. देवानं आत्याला मार्गाला लावलं, जिभेवर ताबा असावा तर असा, असं बोलणं गल्लीत सुरू झालं. जन्मभर तिच्यावर नाक मुरडणाऱ्या सासूबाईही पाहुण्यांना कौतुकानं सांगायला लागल्या की अक्कांनी आता सगळं सोडलंय. आत्या हे सगळं मान खाली घालून ऐकायची. एकदा पाहुणे गेल्यावर मशीनचं चाक हातानं धरून ती बसून राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "मी काई सोडलं न्हाई. माझ्याकडून हिसकून नेलं. आन् हे लोक त्याचा सत्कार करून राहिले."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मीच तिला कुरुंद्याला घेऊन गेले. तिला यायचं नव्हतं. हिंगोलीला बस बदलताना ती भज्याच्या टपरीकडे पाठ करून उभी राहिली. कुरुंद्यात मावसबहिणीच्या शेतात हळद शिजत होती. पांढरी वाफ वर चढत होती, बायका शिजलेली हळद पसरवत होत्या. आत्यानं चपला काढल्या, पुढं गेली आणि वाफेत तोंड घालून उभी राहिली. चेहरा ओला झाला, चष्मा धुरकटला. मावसबहीण मला खुणेनं विचारत होती, येतोय का वास?  आत्या बराच वेळ तशीच होती. मग पदरानं चष्मा पुसत मागं आली आणि बस किती वाजता आहे, एवढंच तिनं विचारलं.

परतीच्या बसमध्ये औंढा मागं पडल्यावर ती बोलली. "लोकायला वाटतं माझं खाणं गेलं. खाण्याचं काय घेऊन बसली. वास आला की माय दिसायची. हे मुंडासं बांधलेले दिसायचे, बाजारातून गुळाची जिलबी घेऊन येऊन राहिलेले. आता कोणीच दिसत न्हाई, पोरी. मी दुसऱ्यांदा रांडावले." असं बोलताना तिचा आवाज अगदी सपाट होता. मी तिचा हात धरला आणि हिंगोलीला बस बदलतानाही सोडला नाही.

वाट काढली ती रझियाबीनं. ईदला ती नेहमीसारखी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. आत्यानं डब्याला हात लावला नाही. वाया जाईल, लेकरांना दे, म्हणाली. रझियाबीनं वाद घातला नाही. खाटेवर बसली, वाटीत शीरखुर्मा घेतला आणि आत्याच्या समोर स्वतःच खायला लागली. एक घास झाल्यावर म्हणाली, "दूध जरा खाली लागलं गं. बहूनं आच बराबर ठेवली न्हाई. पण खारीक मऊ झाली, दातात न्हाई अडकत." दुसरा घास घेतला. चारोळी कुठं लागली, शेवया किती फुगल्या, साखर मागाहून कशी येते, ते सांगत गेली. आत्यानं डोळे मिटले होते. मध्येच तिनं विचारलं, "वेलदोडा?" रझियाबी म्हणाली, "हाय. शेवटाला. तुझ्या अंगणात कोणी येऊन उभं राहावं तसा." आत्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

तेव्हापासून मी तिच्यासमोर बसून जेवायला लागले. पहिल्या दिवशी वरण छान झालंय म्हणाले तर ती चिडली. छान काय, छान तर साडी पण असते. मला शब्द सापडेनात. आयुष्यभर खाल्लं होतं, पण काय खाल्लं ते कधी बघितलं नव्हतं. हळूहळू जमू लागलं. अंबाडीचा आंबटपणा जबड्याच्या कोपऱ्यात कसा शिरतो, धपाट्यातला ओवा उशिरा का कळतो, हे मी सांगायची आणि ती ऐकता ऐकता स्वतःच्या ताटातली भाकरी संपवायची. तिचं वजन काही वाढलं नाही, पण घटणं थांबलं.

सासूबाई हे सगळं तिरप्या डोळ्यांनी बघायच्या. थंडीत मी माहेरी गेले होते, एका दुपारी परत आले तर दोघी ओसरीवर बसलेल्या आणि सासूबाई बोलत होत्या. त्यांच्या माहेरी ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात गूळ घालायचे आणि वरून साय, ते त्या आत्याला सांगत होत्या. गूळ विरघळताना मध्ये कसा लाल ओघळ दिसायचा, साय भावंडांना वाटताना आई चमचा कसा चाटायची. मी दारातच थांबले. इतकी वर्षं या घरात त्यांनी स्वतःच्या आवडीचं एक नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

आत्यानं विचारलं, "मग सुमन, इथं कधी केल्या न्हाई काहून?"

"कण्या खाणाऱ्या घरची पोरगी आणली म्हणून आधीच बोलायचे सगळे," सासूबाई म्हणाल्या. "आन् काय आवडतं म्हणून मला इचारलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या कितीतरी महिन्यांनी चुलीपुढं बसली. कण्या भरडल्या, शिजवल्या. गूळ कढताना तिला कसला वास आला असेल देव जाणे. पदर नाकाला लावून ती ढवळत राहिली. वाटी सासूबाईंपुढं ठेवली. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि आईसारखा चमचा चाटला.  आत्या नुसती समोर बसून राहिली, वाटी रिकामी होईपर्यंत.

आत्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली, झोपेतच. खरा वास तिला शेवटपर्यंत परत आला नाही. रझियाबी आली, तिच्या गार हातात हिरव्या बांगड्या भरल्या. विधवेला कशाला, असं कुणीतरी कुजबुजलं. सासूबाई म्हणाल्या, भरू द्या.

नंतरचे कित्येक दिवस आम्ही खाली माना घालून जेवलो. एका संध्याकाळी मी नवीन ज्वारीची भाकरी मोडली, वाफ तोंडावर आली आणि सवयीनं मनात शब्द जुळायला लागले. सांगायला समोर कुणी नव्हतं. हातातला घास हातातच राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, स्वतःचं ताट थोडं माझ्या बाजूला सरकवलं.

"सांग न," त्या म्हणाल्या. "मी ऐकून राहिले."