सशाची छाती

चॅन आंटींनी मला नाव विचारायच्या आधी साल विचारलं. लंडनच्या हाउन्सलोत दुकानांच्या वर आमचे फ्लॅट, त्यांचा समोरचाच. पोरगी कडेवर आणि एका हातानं तिची बगी, म्हणजे बाबागाडी, ओढत मी जिना चढत होते, त्यांनी खालून चाक उचललं आणि म्हणल्या, कुठल्या सालची तू? मी पासपोर्टवरचं सांगितलं, अठ्ठ्याण्णव. त्यांनी बोटांवर मोजलं. "टायगर. लिव्हर गरम. राग गिळायचा नाही, पचत नाही तो."

त्यांचं इंग्लिश तुटकं, माझं त्याहून तुटकं, म्हणूनच आमचं जमलं. हाँगकाँगच्या, सत्तरीच्या, एकट्या. त्यांच्या हिशोबात प्रत्येक साल म्हणजे एक जनावर आणि प्रत्येक जनावराची एक दुखरी जागा. आमचे हे एअरपोर्टला कार्गोत आहेत, ते उंदीर निघाले, म्हणजे किडनी, म्हणजे पापड-लोणचं बंद. हे हसले, म्हणले, गावाकडं गुरुजी पत्रिका बघायचे, ही बाई थेट आतडी बघते. पण दुसऱ्या दिवशी डब्यातलं लोणचं तसंच परत आलं.

पोरगी मात्र ससा. जानेवारीतली ती, चायनीज नवं वर्ष लागायला थोडेच दिवस होते, लागलं असतं तर ड्रॅगन झाली असती. आंटी म्हणल्या, "सशाची छाती नाजूक. वारा लागू द्यायचा नाही." झालं. मला आधीच सगळ्याची भीती, दार वाजलं तरी भीती, हीटिंग बंद पडलं तरी भीती, त्यात ही. पोरगी शिंकली की मी खिडक्या लावत सुटायची.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणली, अगं तुझं साल तरी कुठं खरं आहे, वय भरत नव्हतं म्हणून शाळेत गुरुजींनी एक जून टाकून दिला, तू पुढच्या वर्षीच्या दिवाळीतली. मी मोबाईलवर बघितलं. मी पण ससाच. आंटींना सांगितलं नाही. कुणीतरी मला वाघ म्हणत होतं, राहू दे म्हणलं.

मार्चमध्ये पोरीला खोकला झाला. आंटींनी पेअर, म्हणजे नासपती, शिजवून दिलं, मी ते पाणी पाजत राहिले, ओव्याची पुरचुंडी करून शेकलं, जीपीला, म्हणजे इथल्या आमच्या डॉक्टरला, फोनच केला नाही. वाटलं ससा आहे, असंच असणार. तिसऱ्या दिवशी दुपारी ती दूध घेईना, श्वास भराभरा, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. हे ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. मी तिला तशीच उचलून आंटींच्या दारात. म्हणलं, आंटी, सशाला अजून काय देतात?

त्यांनी पोरीचं बनियन वर करून बघितलं. "साल-बिल धडधाकट माणसासाठी. आता नाइन नाइन नाइन. अँब्युलन्स."

त्यांना फोनवर ऐकू यायचं नाही, म्हणून फोन माझ्याच हातात. मला इंग्लिशचा एक शब्द सुचेना. त्या म्हणल्या, तू टायगर, बोल. तर मला रडूच फुटलं, म्हणलं आंटी मी टायगर नाही, शाळेनं खोटं लिहिलंय, मी पण ससा आहे.

"ससा तर ससा. सशाला पत्ता सांगता येतो. बोल."

बोलले. बेबी, नो ब्रीद, आणि पोस्टकोड. एवढंच आठवतं.

चार दिवस पोरगी ऑक्सिजनवर होती. डॉक्टरीण म्हणली, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. श्वास कसा मोजायचा, खड्डा कुठं बघायचा, ते नर्सनं शिकवलं. घरी आल्यावर आंटींनी मला ते तीनदा करून दाखवायला लावलं. मग खाली बघून म्हणल्या, "पहिल्याच दिवशी मी डॉक्टर म्हणायला पाहिजे होतं. मी पेअर म्हणले." त्यानंतर रोज सकाळी दार वाजवायच्या. जनावराचं नाव नाही. "छाती बघितली?" एवढंच, आणि परत जायच्या.

डिसेंबरात त्यांच्या मुलीनं त्यांना मँचेस्टरला आपल्याकडं नेलं. निघताना मी पाया पडले, त्यांना वाटलं मला चक्कर आली, घाबरून खांदे धरून उठवलं मला.

आज सकाळी पोरगी दोनदा खोकली. बनियन वर केलं, पूर्ण मिनिट मोजलं, परत मोजलं. खड्डा नाही. जीपीला आठ वाजताच फोन केला, साडेअकराला बोलावलंय. अजून दीड तास आहे. तोवर हे लिहितेय; चार ओळी लिहिते आणि उठून तिची छाती बघते.