टोपणभर औषध

आमची गाडी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नांदेडच्या कोर्टात वकिली जमल्यावर वडिलांनी घेतलेली. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असे, आणि इंजिनात वॉल्व्ह ज्या सीटवर आपटतो ती त्यामुळे झिजत नसे. पुढे तसलं पेट्रोल बंद झालं. मग वडील हैदराबादहून शिशाऐवजी पेट्रोलमध्ये घालायचं एक औषध आणू लागले, दहा लिटरला एक टोपण. पंपावर स्वतः उतरायचे, टोपण उजेडात धरून भरायचे, जास्त झालेला थेंब परत बाटलीत. मागे हॉर्न वाजायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, बाटलीही आली. तेव्हापासून ते हॉर्न मी ऐकते.

गाडी मोडीत काढ, असं सगळे सांगतात. पण आईच्या गुडघ्यांना नव्या गाड्या झेपत नाहीत. एक तर फार उंच, नाहीतर जमिनीला टेकलेल्या. हिचीच गादी नेमकी खुर्चीच्या उंचीची. महिन्यातून एकदा आई हिच्यात बसून जळकोटला मावशीकडे जाते. मावशीला घराबाहेर पडवत नाही. गाडी थांबली की दोघींची भेट थांबली.

यंदा औषध मिळेना. नांदेडला नाही, लातूरला नाही, ऑनलाइन मागवलेलंही येईना. म्हणून मी महागातलं पेट्रोल भरायला लागले. इथेनॉल नसलेलं आहे का विचारलं, तर पंपावरचा माणूस नुसता हसला. चौथ्या महिन्यात मुखेडच्या अलीकडे चढावर गाडीनं धक्के खाल्ले, पेट्रोलचा वास सुटला आणि ती बंद पडली. औषध चुकवून मीच इंजिनची वाट लावली, अशी खात्रीच झाली. आई मागे निवांत सुपारी कातरत होती. त्याचाही राग आला.

एका टेम्पोला दोरानं टोचन लावून नांदेडला परतलो, थेट वडिलांच्या वेळच्या मिस्त्रींकडे. त्यांना आम्ही चाचा म्हणतो.

"चाचा, औषध चुकलं. सीटा गेल्या असतील."

त्यांनी इंजिनचं झाकण काढलं आणि एकेका वॉल्व्हच्या फटीत पातळ पट्टी घालून पाहिली. "सीट झिजली की ही फट बुजते, बेटा. ही तर जशीच्या तशी हाय." मग पेट्रोलचा रबरी पाइप ओढून माझ्या हातावर ठेवला. शिजलेल्या भेंडीसारखा लिबलिबीत. "आजकालचं इथेनॉलवालं पेट्रोल रबर खातंय. चांगल्या रबराचा टाकतो. अन् साधंच भरा, ह्या इंजिनला महागाचं कळत बी न्हाई."

"आणि औषध?"

चाचांनी गाडीत बसलेल्या आईकडे पाहिलं. "सांगू का, भाभी?"

"सांगा की आता."

"मागं एकदा इंजिनचं हेड खोललं व्हतं, तवाच न झिजणाऱ्या कडक सीटा बसवल्या. औषधाची गरजच न्हाई. वकीलसाब नकोच म्हणायचे, कंपनीनं दिलंय तसंच ऱ्हाऊ द्या. भाभी बोलल्या, गुपचूप बसवा."

म्हणजे वडिलांची शेवटची कितीतरी वर्षं आणि माझी सगळी, ती टोपणं उगाच! मी भडकलेच. "त्यांना नाही, निदान मला तरी सांगायचंस!"

"त्येंला सांगून घरात कोर्ट कोण भरवावं?" आई म्हणाली. मग आवाज खाली आला. "तुला सांगणारच व्हते. पण पयल्या खेपेला तू पंपावर उतरलीस, टोपण उजेडात धरलंस, एक डोळा बारीक केलास. अगदी त्येंच्यावानी. मागं बसून बघायला लई बरं वाटायचं गं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. वडिलांना न दुखवता त्यांची गाडी या दोघांनी वाचवली होती. मी चाचांना म्हणाले, तुमचे उपकार कसे फेडू? "चाय मागवा," ते म्हणाले, "अन् औषध टाकलं तरी बिघडत काही न्हाई."

पुढच्या आठवड्यात मागवलेली बाटली आली. जळकोटला निघताना पंपावर साधं पेट्रोल भरलं, उतरले आणि टोपण उजेडात धरलं. मागे हॉर्न वाजत होते. आई काचेतून बघत होती. मी अजिबात घाई केली नाही.