दुधी काचेमागचे दोन तळवे

आधीच सांगून टाकतो — भूत, भानामती, अंगात येणं यातलं काहीही मी मानत नाही. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून सगळी नोकरी काढली. मोजता येतं ते आहे, मोजता येत नाही ते नाही, एवढं माझं साधं गणित. गावात कुणी म्हणालं की चिंचेवर काहीतरी दिसलं, तर मी विचारायचो, "किती फुटावर?" शेवटी लोकांनी मला असलं काही सांगणंच सोडून दिलं. तरी हे लिहितोय, कारण नव्वदीला टेकलो आहे आणि ही एक गोष्ट गणितात बसलेली नाही.

गाव देऊळघाट, बुलढाण्याला लागून. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. घरची शेती बरी होती, मी नोकरीला सायकलने बुलढाण्याला जायचो. घरात आम्ही तिघं — माझी आई, बायको सुमन आणि मी.

तेव्हा आमच्याकडे बायका अंगणात तट्ट्याच्या आडोशाला आंघोळ करायच्या. मला ते पटत नसे. लग्नानंतर मी परसात दगडी भिंतींची पक्की न्हाणी बांधली. आत शहाबादी फरशी, वर कौलं, कौलांखाली वीतभर झरोका, आणि आत-बाहेर करायला एकच दार. ते दार मात्र माझी शान! बुलढाण्यात एका जुन्या बंगल्याची मोडतोड चालली होती, तिथून आणलेलं. वरच्या अर्ध्या भागात जाड दुधी काच, खाली सागवानी फळ्या आणि त्यांना मागून ठोकलेली एक तिरपी पट्टी. आतला उजेड बाहेर यायचा, माणूस मात्र नुसता ढगासारखा दिसायचा. अर्धं गाव बघून गेलं. "काचीच्या दारात आंघोय? ओव्हरसियर लय शिकला बे!" असं पारावर बरेच दिवस चाललं होतं.

दार बसवलं त्याच दिवशी आईने खोट काढली. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं आणि उघडलं की फळी नेमकी तुळशीकडे जायची.

"पारोशा मानसाचं दार तुयशीवर नोको बाप्पा. तिकडून इकडे कर."

आईपुढे बोलायची सोय नव्हती. मी बिजागऱ्या काढल्या आणि दुसऱ्या बाजूला ठोकल्या. झालं काम, असं मला वाटलं.

दोन महिन्यांत दार खचायला लागलं. कडीकडचा कोपरा खाली यायचा आणि फरशीला घासायचा. मी मोठे स्क्रू मारले, भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, बिजागऱ्या बदलल्या. आठवडाभर बरं चालायचं, मग पुन्हा घर्र... सुमन दोन्ही हातांनी उचलून उचलून ते उघडायची. मी नाल्यांवरचे पूल तपासणारा माणूस आणि घरचं एक दार मला दाद देईना.

आता मुख्य गोष्ट. सुमनची आधीची दोन गरोदरपणं अर्ध्यावर गेली होती. दुसऱ्या वेळी तर ती चार महिने कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं — कळशी नाही, बादली नाही, जड काहीही उचलायचं नाही. सातवा महिना लागला होता. आई तिला जागची हलू देत नव्हती. राहिलं होतं ते न्हाणीचं दार. तेवढं तिला रोज उचलावं लागे, आणि ते नीट करणं हे माझंच काम होतं.

शेवटी नाक मुठीत धरून मी गणपत मिस्त्रीला बोलावलं. गणपत गावचा सुतार, वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा. त्याने दार उघडलं, मिटलं, मागे जाऊन पाहिलं आणि हसायला लागला.

"भाऊ, तुमी बिजागरी इकडची तिकडं केली ना?"

"हो. का?"

"मंग ही तिरपी पट्टी काऊन तशीच ठेवली? ही बिजागरीच्या पायाशी सुरू होऊन कडीच्या डोक्याले गेली पायजे. तवा थे दाराले तोलून धरते. तुमची पट्टी उलटी झाली. आता थे दार रोज जराजरा लोंबून राह्यलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही गोष्ट मी छपराच्या कैच्यांच्या बाबतीत पाठ केली होती. बाजू बदलली की पट्टीही फिरवायची, एवढं साधं डोक्यात आलं नाही.

"मग आत्ताच करून टाक."

"आज नाई. आज अवस हाये. अवसेले आमी हत्याराले हात लावत नाई. उद्या सकायी पोराले घेऊन येतो. आन एकल्यानं करू नोका भाऊ, काच जड हाये. एक जन आतून धराले पायजे."

अवस! माझं डोकं फिरलं. अमावास्येला लाकूड वेगळं लागतं का, असं काहीतरी मी त्याला बोललोही. तो निघून गेला. मी शर्ट काढला आणि कामाला लागलो.

दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. लख्ख ऊन होतं. दार उतरवून बाजेवर आडवं घातलं, पट्टी काढली, सरळ बाजूने ठोकली. दार आत जाऊ नये म्हणून चौकटीला मागून ठोकलेली आडपट्टी वाकडी झाली होती, तीही काढून ठेवली. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा प्यालो. दहा-एक मिनिटं गेली असतील. परत येऊन दार चौकटीत उभं केलं, खाली विटेचे तुकडे सारले आणि बाहेरून बिजागरीच्या लांब पट्टीचा पहिला स्क्रू लावायला घेतला.

तेवढ्यात वीट फुटली.

दार माझ्या हातातून सुटून आतल्या बाजूला कललं. मी कडीला धरलं, पण वजन पेलेना. काच फरशीवर गेलीच असं समजून मी डोळे मिटले... आणि दार थांबलं. थांबलं म्हणजे आतून कुणीतरी थोपवलं. मग हळूहळू सरळ झालं.

दुधी काचेवर दोन तळवे टेकलेले होते. माझ्या छातीइतक्या उंचीवर. जिथे टेकले होते तिथे स्पष्ट, मागे सगळं धूसर. पाचही बोटं फाकवलेली.

मला भीती अजिबात वाटली नाही. मला वाटलं सुमन आहे. मी चहाला गेलो तेव्हा काहीतरी घ्यायला आत गेली असेल आणि मी दार लावलं तशी आतच राहिली असेल. न सांगता येऊन हात लावायची तिची सवयच होती.

"शाब्बास! थोडं वर घे," मी म्हणालो.

दार बोटभर वर गेलं. अगदी हवं तेवढं.

"हां. बस."

ते तिथेच राहिलं. जरा हललं नाही. मी वरच्या बिजागरीचे तिन्ही स्क्रू मारले.

इथे मला खरं लिहिलं पाहिजे. मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं नाही, असं म्हणणं सोपं आहे. आठवलं होतं. पहिला स्क्रू बसतानाच आठवलं. वरची बिजागरी पक्की झाल्यावर तर दार पडायची भीतीच उरली नव्हती. तिला सोड म्हणता आलं असतं. कोपरा जरा खाली आला असता आणि मला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं, एवढंच. पण दार इतकं सुरेख ओळंब्यात उभं होतं, आणि उद्या गणपत येईल तेव्हा त्याला दाखवायचं होतं की अवसेला, एकट्याने...

मी म्हणालो, "धर अजून. खालचे तीनच राहिले."

आणि त्या हातांनी धरलं. खालचे तीन स्क्रू होईपर्यंत धरलं.

शेवटचा स्क्रू आवळून मी वर पाहिलं तर काचेवर काही नव्हतं. दार उघडलं. अलगद उघडलं, कुठे घासलं नाही. आत कुणी नव्हतं. फरशी कोरडी, पाणी तापवायची चूल थंड, झरोक्यातून उन्हाची एक पट्टी भिंतीवर पडलेली. मी आत जाऊन भिंती चाचपल्या, स्वतःच बांधलेल्या भिंती!

पुढच्या खोलीत गेलो. सुमन भिंतीला टेकून डाळ निवडत होती. शेजारी आई.

"तू आत्ता न्हाणीत आली होतीस?"

"मी? मी कायले येऊ? जेवल्यापासून इथंच बसून हाये. काय झालं, घामाघूम काऊन झाले तुमी?"

आई म्हणाली, "हल्ली नाई थे इथून. मी हलू देतो काय तिले?"

मी परत जाऊन झरोका मोजला. वीतभरच होता.

दुसऱ्या दिवशी गणपत आला. दोनदा दार उघडून-मिटून पाहिलं, कडीकडची फट बोटाने चाचपली.

"आतून कोन होतं?"

"कोणी नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, हे दोघाईचं काम हाये," एवढंच म्हणाला आणि पिशवी उचलून गेला. ते दार पुढे कधीच खचलं नाही.

बरोबर नऊ महिने भरून मुलगी झाली. रडणं असं की तीन घरं पलीकडे ऐकू गेलं. नाव शोभा ठेवलं. तळव्यांची गोष्ट मी सुमनला नंतर सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली, म्हणाली, "असल कोनी आपलं." पण "धर अजून" म्हणालो, ते मात्र सांगितलं नाही. पन्नास वर्षं संसार केला, ती गेली, तरी सांगितलं नाही. ते हात तिचे असते तरी मी तेच म्हणालो असतो, हे तिला कळू द्यायची माझी छाती झाली नाही.

माझे डोळे आता अधू झालेत. मी बोलतोय आणि शोभा टाइप करतेय. "धर अजून" या वाक्याला तिची बोटं थांबली होती. मग म्हणाली, "बाबा, पुढे?"

पुढे काय सांगू? हात कुणाचे होते, ते आजही मला माहीत नाही. माझ्या आईचे नव्हते, तुझ्या आईचे नव्हते. तिचे नव्हते म्हणून तू इथे बसली आहेस, बाई.

"हेही टाइप करू?" तिने विचारलं.

कर म्हणालो.