न केलेल्या प्रयोगाचे गुण

उत्तर अगदी बरोबर आलं की आमचे लंबक सर चिडायचे. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत. लंबकाच्या प्रयोगात माझा आकडा तंतोतंत पुस्तकातला आला, तेव्हा वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "पोरी, या खडखडणाऱ्या पंख्याखाली एवढं नेमकं येत नाही. कुणाचं उतरवलंस?" तीनदा परत करायला लावलं. चुकलेली नोंद खोडायची नाही, हे त्यांनीच शिकवलं.

काष्टीच्या बाजारात कुणी ना कुणी त्यांना गाठायचंच. "सर, पोरगं सायन्सला घातलं तर नोकरी लागंल व्हय?" सरही त्याच बोलीत सांगत, "नोकरीचं म्या सांगत न्हाई. पन त्येला कुनी सहज फसवनार न्हाई."

मग ती सोयीची थेरं सुरू झाली. नाव आमच्या कॉलेजात, शिकणं शहरातल्या क्लासमध्ये. बारावीची मुलं प्रात्यक्षिक परीक्षेलाही यायची नाहीत, आणि गुण मात्र पैकीच्या पैकी. डॉक्टरकी हुकली की हीच मुलं विज्ञानाचं नाव टाकायची. ज्यांनी लंबक कधी हातातच धरला नाही, ती बी.एस्सी.ला कशाला मरायला येतील? वर संस्थावालेच गळा काढणार, विज्ञानाला मुलं मिळत नाहीत हो. संताप येतो नुसता.

तोवर मीही तिथे तासिका तत्त्वावर शिकवत होते. गैरहजर मुलांच्या गुणपत्रकावर सही करायला सरांनी नकार दिला. "न केलेल्या प्रयोगाला मी गुण देत नसतो," एवढंच म्हणाले. प्राचार्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. पुढच्या वर्षी तास मिळणार की नाही, ते त्यांच्याच हातात होतं. मी सही केली. सर त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. यंदा बी.एस्सी.चा भौतिकशास्त्राचा वर्गच बंद झाला.

परवा लेकीच्या शाळेत भांडायलाच गेले होते. विज्ञानाचे मास्तर एकही प्रयोग करून दाखवत नाहीत, फळ्यावरची उत्तरं वहीत उतरवून घ्यायला सांगतात. मला बघताच ते मास्तर लगबगीने उठले आणि वाकून पाया पडले.

"मॅडम, वळखलं न्हाई व्हय? बारावीला तुमीच तर गुन दिल्ते. न्हाईतर आमी कुठलं मास्तर हुतोय."

शिव्या अगदी तोंडाशी आल्या होत्या. कुणाला घालायच्या, तेच कळेना.