फेसाचं घरटं

शिंपी मऊ माणूस; आणि मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात. त्याची बायको वारली, तशी थोरली बहीण आली आणि सरळ भाचीचे कपडे पिशवीत भरायला लागली.

"पोर कधी बापाच्यानं वाढते का रे?"

शिंप्यानं मशीन थांबवलं. "ताई, इकडे ये."

खिडकीतल्या टाकीत फायटर माशाचा नर फेसाच्या घरट्याखाली पहारा देत होता. खाली पडलेलं पिल्लू तोंडात धरून पुन्हा फेसात ठेवत होता.

"आणि ह्या पिल्लांची आई?"

"तिला बाहेर काढावं लागतं. हा एकटाच वाढवतो."

"माशांचं कौतुक मला नको सांगूस!"

शिंप्यानं भरलेली पिशवी पलंगावर उलटी केली.

"मग माणसांचं ऐक. लेक इथंच वाढणार. आत्याबाईंना टाकीत हात घालायला बंदी आहे."